22 तारा, 12 पट्ट्या

संभाजीनगरातल्या एका महाविद्यालयाच्या संगीत विभागातली शिक्षक मंडळी येत्या शनिवारी स्वतःच्या विद्यार्थ्यांसमोर गाणार-वाजवणार आहेत. पूर्वार्धात ख्याल आणि नाट्यपदं, उत्तरार्धात व्हिएन्नाचा संगीतकार शूबर्ट याची जर्मन गीतं आणि शेवटी एकट्या पियानोचं वादन. पत्रिका फिरायला लागल्यापासून एकच प्रश्न कानावर येतोय: मराठवाड्यात पियानो कशाला? विचारणाऱ्याने एकदा दौलताबादच्या किल्ल्याकडे बघावं.

तेराव्या शतकात, तो देवगिरी असताना, यादव राजा सिंघण याच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचा एक गृहस्थ होता. हुद्दा श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या हिशेबाचा प्रमुख. घराणं मूळचं काश्मीरचं, आजोबा दक्षिणेत आलेले. वह्या मिटल्यावर या माणसाने ‘संगीत रत्नाकर’ लिहिला. आज हिंदुस्थानी आणि कर्नाटक, दोन्हीकडचे लोक तो ग्रंथ आपला मानतात. श्रुती, म्हणजे सप्तकातली सुराची बारीक पायरी, ही पोथीतली कल्पना नाही, ती कानाला पटते, हे दाखवायला त्याने दोन वीणा घ्यायला सांगितल्या. प्रत्येकीला 22 तारा. एकीचे सूर जागचे हलवायचे नाहीत, दुसरीचे एकेक श्रुतीने उतरवत न्यायचे आणि फरक ऐकायचा. सुराची अशी पै-पैची मोजदाद हिशेबनिसालाच सुचावी!

पियानोचा सगळा वाद इथेच आहे. त्याच्या सप्तकात पट्ट्या 12, आणि त्या समान अंतरावर बसवलेल्या. त्यामुळे कुठूनही षड्ज, म्हणजे ‘सा’, धरा, सगळं सारखंच वाजतं. ही सोय फुकट मिळत नाही. एका पट्टीच्या अंतराचे शंभर भाग केले तर पियानोचा शुद्ध गंधार, म्हणजे ‘ग’, तंबोऱ्यातल्या गंधारापेक्षा सुमारे 14 भाग चढा लागतो. ज्याचा कान तंबोऱ्यावर पोसला, त्याला ते चपलेतल्या खड्यासारखं टोचतं.

आता वाद्याचा जन्म. इटलीतल्या फ्लॉरेन्सला तिथल्या सत्ताधारी मेदिची घराण्याची वाद्यं सांभाळणारा बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी हा कारागीर. त्या काळच्या हार्पसिकॉर्ड या पट्ट्यांच्या वाद्यात तार छेडली जायची. बोट हळू ठेवा की आपटा, आवाज तेवढाच. 1700च्या सुमारास क्रिस्तोफोरीने छेडण्याऐवजी छोट्या हातोडीने तारेवर आघात करायची युक्ती बसवली, आणि बोटाचा जोर सुरात उतरायला लागला. ‘पियानो ए फोर्ते’, म्हणजे हळू आणि जोरात, हे नावही त्यातूनच आलं. पुढे लोखंडी सांगाडा आला, तारांचा ताण काही टनांवर गेला, पट्ट्या 88 झाल्या.

एवढं धूड मराठवाड्यात येणं अवघडच होतं. आली ती त्याची गरीब चुलत बहीण. 1840च्या सुमारास पॅरिसच्या अलेक्झांडर दबॅंने हार्मोनियमचं पेटंट घेतलं. ती पायाने भाता मारायची, खुर्चीवर बसून वाजवायची. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी 1875 साली भाता मागे नेला, पाय काढून टाकले, आणि पेटी सतरंजीवर आली. एका हाताने भाता, एका हाताने सूर. मग ती कुठे गेली नाही? संगीत नाटकात, कीर्तनात, भजनी मंडळात. आमच्या गावच्या विठ्ठल मंदिरातल्या पेटीची एक काळी पट्टी दाबली की वर यायचीच नाही. पेटीवाले काका ती करंगळीने उचलत उचलत अख्खा हरिपाठ काढायचे.

पेटीने एक गोष्ट गुपचूप केली. परभणी, बीड, नांदेडच्या कुठल्याही खेड्यात गवयाला विचारा, ‘बुवा, कुठला सूर?’ उत्तर येतं, ‘काळी एक’ किंवा ‘पांढरी दोन’. बायकांच्या भजनी मंडळाचं उत्तर ‘काळी चार’. ही भाषा पियानोच्या पट्ट्यांची आहे. ज्याने आयुष्यात पियानो पाहिला नाही, तोही आपला गळा त्याच्याच पट्ट्यांवर मोजतो. मराठवाड्यात पियानो कशाला, असं विचारणाराही.

जाणकारांना मात्र पेटीचे हे बाराच ठरीव सूर मुळीच मान्य नव्हते. सांगलीचे कृ. बा. देवल आणि इंग्रज अधिकारी क्लेमेंट्स यांनी शार्ङ्गदेवाच्याच 22 श्रुती पेटीत कोंबून पाहिल्या. 1916 साली बडोद्याच्या संगीत परिषदेत ती पेटी मांडली गेली, पण बड्या गवयांना पटली नाही. पुढचा घाव सरकारी. दिल्ली रेडिओवर पाश्चात्त्य संगीताचा विभाग सांभाळणारे जॉन फोल्ड्स हे स्वतः पियानोच्या परंपरेतले संगीतकार, आणि हार्मोनियमवर कडक टीका करणाऱ्यांत तेही होते! 1940 साली आकाशवाणीने पेटीला बंदी घातली. ती सैल व्हायला 1971 उजाडलं, आणि तेही साथीपुरतं.

त्या तीस वर्षांत पेटीची बाजू कुणी मांडली असेल तर वाजवणाऱ्यांनी, आणि त्यातलं एक मोठं नाव आपल्याच मातीतलं आहे. आप्पा जळगावकर. आडनावावरून खानदेशातलं जळगाव समजू नका. हे जळगाव जालन्याजवळचं, तिथे 1922 साली त्यांचा जन्म. भीमसेन जोशी, किशोरी आमोणकर, जसराज अशा मंडळींना त्यांनी साथ केली. 2000 साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. पेटीत मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं, नाही हे खरं. पण भात्यावरचा दाब आणि शेजारच्या पट्टीचा ओझरता स्पर्श यांतून ते मींडेचा असा भास उभा करायचे की पेटीचे सूर तुटक आहेत हे ऐकणारा विसरायचा. पियानोत ती सोयही नाही. हातोडी पडली की सूर विझायला लागतो, वाजवणाऱ्याच्या हातात काही उरत नाही.

म्हणूनच शूबर्टने पियानोला गायला लावलं नाही, त्याला दुसरं काम दिलं. 1815 साली, वयाच्या अठराव्या वर्षी, त्याने जर्मन कवी गटेच्या एका कवितेला चाल लावली: आजारी मुलाला कवेत घेऊन रात्री घोडा पिटाळणारा बाप, आणि मुलाला दिसणारं मरण. त्यातला घोडा म्हणजे पियानो. उजव्या हाताचे तेच तेच सूर टापांसारखे आदळत राहतात, गाणारा दम घेतो तेव्हासुद्धा. आपल्याकडे पेटी गळ्याच्या मागून अर्ध्या पावलाने येते. इथे दोघं बरोबरीचे. शूबर्ट 31व्या वर्षी गेला, तोवर त्याची सहाशेच्या वर गीतं झाली होती. ती पहिल्यांदा ऐकली गेली ती व्हिएन्नातल्या मित्रांच्या दिवाणखान्यांत, म्हणजे आपल्या भाषेत बैठकीत. ‘रिसायटल’ हा शब्द नंतरचा. 1840 साली लंडनमध्ये पियानोवादक लिस्टच्या जाहिरातीत तो एकट्याच्या पियानोवादनासाठी आला, तेव्हा लोक बुचकळ्यात पडले होते.

शिक्षकांनी शिष्यांपुढे वाजवायचं हा रिवाज युरोप-अमेरिकेतल्या संगीत विद्यालयांत मुरलेला आहे. आपल्याकडे विष्णु दिगंबर पलुस्करांनी 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, ते राजाच्या खजिन्यावर नाही, लोकांच्या पैशावर. गुरुजींच्या जाहीर मैफलींवर शाळेची चूल पेटायची. नंतर परीक्षा आल्या, प्रवेशिका-विशारदची केंद्रं तालुक्यांपर्यंत पोचली आणि आपले मास्तर मैफलीतून उठून परीक्षकाच्या खुर्चीत जाऊन बसले. माझ्या मते नुकसान तिथे झालं. विद्यार्थ्याने शिक्षकाचा चुकलेला सूर आणि सावरलेली तान ऐकायची कधी?

परवा तालमीला गेलो होतो. पियानो जुना, उभ्या बांधणीचा, कुणीतरी विभागाला दिलेला. सूर लावणारे गृहस्थ पुण्याहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने येऊन गेले होते. जाताना त्यांनी खालची फळी काढून आत पाण्याची बरणी ठेवायला सांगितली, नाहीतर आमच्या कोरड्या हवेत लाकूड आकसतं, खुंट्या ढिल्या पडतात आणि सूर आठवड्यात उतरतो. शिपाईमामा म्हणाले, ‘माणसाला चार दिवसांआड पाणी, याला मात्र रोज.’ तरी बरणी भरून ठेवली.

तेवढ्यात ख्याल गाणाऱ्या मॅडम आल्या. तंबोरा जुळवायला सूर हवा, म्हणून त्यांनी पियानोचीच काळी चार दाबली. जोड जुळली, पंचम बसला, खर्ज घुमायला लागला आणि तारांतून आपोआप निघणारा गंधार वर तरंगायला लागला. एका विद्यार्थिनीने हौसेने पियानोवर तोच गंधार वाजवला, वरची पांढरी एक. मॅडमनी डोळे न उघडता मान हलवली. ‘ऐकू आलं का? कोण वर आहे?’ मुलीने पट्टी पुन्हा दाबली, मग कान तंबोऱ्याच्या भोपळ्याला लावला.

‘पियानो,’ ती म्हणाली. ‘किंचित.’