डायोड लेझर आणि सीओटू लेझर: पारदर्शक अ‍ॅक्रिलिकवरचा तो कायमचा घोळ

लाकडी कीचेनवर नाव कोरायचं असेल, चामड्याच्या पाकिटावर तारीख टाकायची असेल तर दोन्ही लेझर मशीन चालतात, डायोड (छोट्या सेमीकंडक्टर चिपमधून किरण काढणारं) आणि सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूच्या नळीतून काढणारं). डायोड टेबलावर मावतं, सीओटू मोठं असतं आणि जाड माल भराभर कापतं, हे बहुतेकांना माहितीच असतं.

गाडी अडते ती पारदर्शक अ‍ॅक्रिलिकला, म्हणजे काचेसारख्या दिसणाऱ्या प्लॅस्टिकला. कुणाला तरी नाव कोरलेला एलईडी नाइट लॅम्प द्यायचा म्हणून हौसेने शीट आणतात, डायोडखाली ठेवतात आणि शीटवर साधा ओरखडाही उमटत नाही. मग सल्ले सुरू, पॉवर वाढव, स्पीड कमी कर, १० वॅटचं मॉड्युल (लेझरचं डोकं) काढून २० वॅटचं लाव. हे वाचून वाचून खरंच वैताग आलाय, कारण इथे वॅटचा काही संबंधच नाही. हौशी मशीनमधल्या डायोडचा प्रकाश निळा असतो, साधारण ४५० नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे डोळ्याला दिसणारा, आणि दिसणारा प्रकाश आरपार जातो म्हणून तर त्या शीटला आपण पारदर्शक म्हणतो. प्रकाश अडलाच नाही तर शीट तापणार कशी? सीओटूचा किरण १०,६०० नॅनोमीटरचा, इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्याला न दिसणारा, तो अ‍ॅक्रिलिक वरच्या वरच शोषून घेतं, आपल्याला कितीही स्वच्छ दिसो, त्या किरणाला ती भिंत आहे. म्हणूनच काळं अ‍ॅक्रिलिक डायोडने छान कापतं आणि पारदर्शक निळं कापत नाही.

काळा पोस्टर कलर फासून कोरता येतं हे खरं, रंग तापतो आणि खालचा थर पोळतो. पण कापायला गेलात की रंग जळून जातो आणि किरण पुन्हा आरपार.

याच कारणाने सीओटूवरचं पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचं झाकण किरण अडवतं, तसलंच झाकण डायोडवर बसवलं तर डोळ्यांना काडीचं संरक्षण नाही. हे लोक सर्रास करतात आणि मला भीती वाटते. गॉगल घेताना त्यावर तुमच्या लेझरचे नॅनोमीटर लिहिलेत का ते बघा, नुसता रंग बघून घेऊ नका. आणि पीव्हीसीचं रेक्झिन दोन्हीतही घालायचं नाही, हायड्रोजन क्लोराइड हा विषारी वायू निघतो, फुप्फुसंही जातात आणि मशीनही गंजतं.

मला विचाराल तर लाकूड-चामड्यापुरतं डायोड घ्या, लॅम्प करायचे असतील तर सीओटू, आणि शीट कास्टच (साच्यात ओतून केलेली) घ्या, त्यावर अक्षरं पांढरी दुधाळ उठतात, एक्स्ट्रूडेडवर (यंत्रातून दाबून काढलेल्या शीटवर) ती फिकीच राहतात.