पाण्यात राहून धाप लागते तेव्हा

"पाण्याच्या प्रत्येक रेणूत ऑक्सिजन आहेच की, मामा. मग मासा पाण्यात गुदमरेल कसा?"

भाच्यानं हे विचारलं तेव्हा उजाडायचं होतं. आम्ही दोघं त्याच्या प्रवाळांच्या टाकीसमोर टॉर्च घेऊन उभे होतो. टाकीतला सगळ्यात मोठा रहिवासी, एम्परर एंजलफिश, पृष्ठभागाजवळच्या कोपऱ्यात जवळजवळ स्थिर होता. फक्त कल्ल्यांवरची झाकणं भराभर उघडमीट करत होती. छोटे मासे मात्र निवांत होते. पाणी स्वच्छ होतं, तापमान ठीक, क्षारता ठीक.

आधी प्रश्नाचं उत्तर. पाण्याच्या रेणूतला ऑक्सिजन हायड्रोजनशी इतका घट्ट बांधलेला असतो की तो सोडवायला वीज खर्च करावी लागते. वनस्पती सूर्यप्रकाशाच्या जोरावर तो सोडवतात, माशाला ते जमत नाही. मासा जगतो तो पाण्याच्या रेणूंच्या गर्दीत सुटा विरघळलेल्या ऑक्सिजनवर. आणि तो फार थोडा असतो.

किती थोडा? एक लिटर हवेत साधारण २७० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. २५ अंश सेल्सिअसच्या एक लिटर गोड्या पाण्यात जास्तीत जास्त ८ मिलिग्रॅमच्या आसपास, समुद्राच्या पाण्यात तर पावणेसातच. मीठ वाढलं की कमी, उष्णता वाढली की आणखी कमी. हवेपेक्षा सुमारे चाळीस पट तुटवडा! वर पाणी जड. एक लिटर हवेचं वजन सव्वा ग्रॅमसुद्धा भरत नाही. तेवढाच ऑक्सिजन हाताशी यावा म्हणून माशाला चाळीस किलो पाणी तोंडातून कल्ल्यांवर ढकलावं लागतं. (बाटलीबंद 'ऑक्सिजनयुक्त पाणी' पिऊन ताजंतवानं व्हायला सांगणाऱ्या जाहिराती बघताना हे गणित आठवावं. त्या बाटलीत कितीही कोंबला तरी आपल्या एका साध्या श्वासात त्याहून जास्त ऑक्सिजन असतो. शिवाय आपल्या पोटात कल्ले नाहीत.)

एवढ्या दरिद्री माध्यमातून मासे विरघळलेल्या ऑक्सिजनचा ८० टक्क्यांपर्यंत वाटा काढून घेऊ शकतात. आपली फुप्फुसं आत घेतलेल्या ऑक्सिजनपैकी जेमतेम पाव भाग वापरतात. हे कसं जमतं, ते मला निसर्गातल्या सगळ्यात देखण्या युक्त्यांपैकी एक वाटतं, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

एकमेकींना चिकटलेल्या दोन धातूच्या नळ्या घ्या. एकीतून ६० अंशांचं गरम पाणी सोडा, दुसरीतून तितकंच २० अंशांचं गार पाणी. दोन्ही प्रवाह एकाच दिशेनं गेले तर सुरुवातीला उष्णता झपाट्यानं इकडून तिकडे जाईल, पण मध्ये कुठेतरी दोघांचं तापमान ४० वर येईल आणि खेळ संपेल. पुढे नळी कितीही लांबवा, फायदा शून्य. आता गार पाण्याची दिशा उलटी करा. गार पाणी जिथे आत येतं तिथे त्याला भेटतं ते निघायच्या बेतात असलेलं, बरंच निवलेलं गरम पाणी. तरीही ते त्याच्यापेक्षा थोडं गरमच असतं, म्हणून उष्णता घेता येते. पुढे सरकावं तसं समोरचं पाणी अधिकाधिक गरम भेटत जातं. बाहेर पडताना त्याची गाठ पडते नुकत्याच आत आलेल्या ६० अंशांच्या पाण्याशी. नळी पुरेशी लांब असेल तर गार पाणी ६०च्या अगदी जवळ पोचतं. फरक छोटा असतो, पण तो शेवटपर्यंत टिकतो. सगळी करामत त्या टिकण्यात आहे.

उष्णतेच्या जागी ऑक्सिजन ठेवा, गार पाण्याच्या जागी रक्त, आणि तुम्ही कल्ल्यात पोचलात. माशाच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना कल्ल्यांच्या चार-चार कमानी असतात. प्रत्येक कमानीवर तंतूंच्या रांगा आणि प्रत्येक तंतूवर वहीच्या पानांसारख्या उभ्या अतिसूक्ष्म पटलिका. पाणी या पानांच्या मधून एका दिशेनं वाहतं, पानांच्या आतलं रक्त बरोबर उलट्या दिशेनं. १९५२ साली टेंच नावाच्या माशाच्या कल्ल्यांवरून मुद्दाम उलट दिशेनं पाणी सोडून पाहिलं गेलं. एरवी ५१ टक्के ऑक्सिजन उचलणारे कल्ले ९ टक्क्यांवर आले. मासा तोच, पाणी तेच, फक्त दिशा बदलली.

पाण्याबाहेर काढलेला मासा भरपूर ऑक्सिजन असलेल्या हवेत का तडफडतो, तेही इथेच कळतं. पाण्याचा आधार गेला की ही पानं भिजलेल्या वहीसारखी एकमेकांना चिकटतात आणि वापरता येणारा पृष्ठभागच उरत नाही.

यापुढचा भाग थोडा किचकट आहे, पण तो गाळला तर पहाटेची ती धाप अर्धीच कळेल. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन किती घट्ट धरतं ते आम्लतेवर अवलंबून असतं. कार्बन डायऑक्साइड वाढला की आम्लता वाढते आणि पकड सैल होते. हे १९०४ साली क्रिस्टियान बोर यांनी दाखवलं (अणूच्या रचनेसाठी प्रसिद्ध असलेल्या नील्स बोर यांचे वडील). बऱ्याच माशांमध्ये याच्या पुढची पायरी आढळते, तिला रूट परिणाम म्हणतात. त्यात पकड सैल होतेच, पण हिमोग्लोबिनची ऑक्सिजन उचलण्याची क्षमताच घटते, मग समोर कितीही ऑक्सिजन ठेवा. माशाच्या शरीराला याचा उपयोग आहे. माशाला पाण्यात तरंगतं ठेवणाऱ्या हवेच्या पिशवीजवळच्या ग्रंथीत रक्त मुद्दाम आम्ल केलं जातं, ऑक्सिजन सुटतो आणि पिशवी फुगते. पण त्याचाच अर्थ असा की बाहेरच्या पाण्यात ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त झाला, तर मासा दोन्ही बाजूंनी कोंडीत सापडतो. प्रवाळांच्या टाकीत या दोन्ही गोष्टी रोज एकत्र घडतात, रात्री.

दिवसा प्रवाळांच्या पेशींत राहणारी शैवालं आणि खडकांवरची शैवालं दिव्यांच्या उजेडात ऑक्सिजन बनवतात. कधी कधी पाण्यातला ऑक्सिजन संपृक्ततेच्याही, म्हणजे हवेतून एरवी मावेल त्याच्याही, वर जातो. दिवे विझले की कारखाना बंद, पण खाणारी तोंडं तेवढीच: प्रवाळ, जिवाणू, गोगलगाई, मासे आणि ती शैवालं स्वतःसुद्धा. यान इंगेनहाउस यांनी १७७९ मध्येच दाखवलं होतं की वनस्पती हवा सुधारतात ती फक्त प्रकाशात, अंधारात त्या उलट हवा बिघडवतात. 'अमुक झाड चोवीस तास ऑक्सिजन देतं' असे संदेश त्यानंतर जवळजवळ अडीचशे वर्षांनीही श्रद्धेनं पुढे पाठवले जातात, याला काय म्हणावं! रात्रभर ऑक्सिजन उतरत जातो, सामू (pH) खाली येतो, म्हणजे आम्लता वाढते, आणि दिवे लागण्याच्या जरा आधी दोन्ही तळाला असतात. टाकीतला मासा तपासायचा तर भर दिवसा नव्हे, तेव्हा तपासावा.

आता एंजलफिशच का? (इथे गोड्या पाण्यातला, त्रिकोणी पंखांचा एंजलफिश मनात आणू नका. तो वेगळ्याच कुळातला आहे. समुद्री एंजलफिशच्या गालावर काटा असतो, ती ओळख.) एम्परर सुमारे ४० सेंटिमीटरपर्यंत वाढतो. माशाची लांबी दुप्पट झाली की वजन साधारण आठ पट होतं आणि ऑक्सिजनची गरज पाच पटींच्या आसपास. विकत आणलेलं बोटभर निळं-पांढरं पिल्लू मोठं होताना टाकी तेवढीच राहते, हे हिशेबात धरलं जात नाही. हा मासा दिवसभर खडक चरत फिरतो. त्यातच पाणी ३० अंशांकडे सरकलं तर माशाची ऑक्सिजनची भूक वाढते आणि पाण्याची ऑक्सिजन धरण्याची ताकद घटते. पोटभर खाल्ल्यावर पचनासाठीही जास्त ऑक्सिजन लागतो, म्हणून दिवे विझताना भरपेट खाऊ घालणं हा लाड महागात पडतो. उलट फांद्यांच्या प्रवाळात रात्र काढणारे काही इवलेसे गोबी मासे ऑक्सिजन अगदी खाली गेला तरी तग धरतात, कारण त्यांच्या घरात रोजच रात्री तेवढी टंचाई असते.

बुडबुड्यांबद्दल एक गैरसमज आहे. एअर पंपाचे मोठे बुडबुडे दोन-तीन सेकंदांत वर येऊन फुटतात, तेवढ्यात ते स्वतः फारसा ऑक्सिजन देत नाहीत. त्यांचं खरं काम तळाचं पाणी वर आणणं आणि पृष्ठभाग मोडणं. शांत पृष्ठभागाखाली पाण्याचा एक पातळ थर जवळजवळ हलत नाही, आणि पाण्यात ऑक्सिजन नुसता पसरायला हवेपेक्षा हजारो पट वेळ घेतो. तो थर सतत मोडत राहिला की हवेतला ऑक्सिजन आत आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर, दोन्ही व्यवहार सुरू राहतात. प्रोटीन स्किमरची, म्हणजे बारीक बुडबुड्यांच्या फेसानं पाण्यातली घाण काढणाऱ्या यंत्राची, गोष्ट निराळी. खाऱ्या पाण्यात बुडबुडे एकमेकांत सहज मिसळत नाहीत, बारीकच राहतात, त्यामुळे तिथे पृष्ठभाग प्रचंड मिळतो.

भाच्याला मी विचारलं, रात्री पृष्ठभाग कोण हलवतं? तो ओशाळला. खळखळाटानं झोप येत नाही म्हणून वरचा पंप त्यानं टायमरवर टाकला होता, दिव्यांबरोबरच बंद होईल असा. स्किमर दुरुस्तीला काढलेला. आम्ही पंप लावला आणि मनगटावरचं घड्याळ समोर धरून माशाच्या कल्ल्यांची उघडमीट मोजत बसलो, दर पाच मिनिटांनी एकदा. तिसऱ्या मोजणीला ती मंदावली. चौथ्या वेळी मोजता आलं नाही, कारण मासा खडकामागे निघून गेला होता.