स्ट्रिंग-जोडणी (सी भाषा)

सी या संगणकभाषेत एका स्ट्रिंगच्या (अक्षरांच्या मालिकेच्या) शेवटी दुसरी लावून दोहोंची एकच स्ट्रिंग करण्याच्या क्रियेस स्ट्रिंग-जोडणी म्हणतात. डेनिस रिची यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी बेल प्रयोगशाळेत घडवलेल्या या भाषेत स्ट्रिंग हा स्वतंत्र प्रकार नाही; मेमरीत ओळीने मांडलेले बाइट आणि त्यांच्या अखेरीस शून्य किमतीचा एक बाइट, एवढीच तिची ओळख. लांबी कोठेही नोंदलेली नसते; ती हवी असल्यास शून्य सापडेपर्यंत मोजत जावे लागते.

प्रमाण लायब्ररीतील, म्हणजे सीसोबत मिळणाऱ्या तयार फंक्शनांच्या संचातील, ‘स्ट्रकॅट’ हे फंक्शन पहिल्या स्ट्रिंगचा शून्य-बाइट शोधून त्याच जागेपासून दुसरी स्ट्रिंग उतरवते. तेवढी जागा आहे की नाही हे ते पाहत नाही, आणि पाहूही शकत नाही, कारण त्याच्या हाती ॲरेच्या (स्ट्रिंगसाठी राखलेल्या सलग जागेच्या) आरंभाचा पत्ता तेवढा असतो. यूटीएफ-८ या, अक्षरे बाइटांत मांडण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचे असते. ‘पुणे’ या शब्दात प, उकार, ण आणि एकार अशी ४ चिन्हे असल्याने त्याला १२ बाइट लागतात, ‘कर’ला ६, म्हणजे ‘पुणेकर’साठी शून्य-बाइट धरून १९ बाइट हवेत. ॲरे १८ बाइटांचा असेल तर तो शून्य-बाइट शेजारच्या मेमरीत पडतो. अशा वेळी प्रोग्राम तेथेच बंद पडला तर नशीब म्हणायचे. तो चालत राहिला, तर चूक भलत्याच ठिकाणी उगवते.

मर्यादा घालून जोडणी करणाऱ्या ‘स्ट्रनकॅट’ या फंक्शनला द्यावयाची संख्या ॲरेच्या एकूण आकाराची नसून दुसऱ्या स्ट्रिंगमधून घ्यावयाच्या कमाल बाइटांची असते, आणि शून्य-बाइट त्याहून वेगळा, त्यामुळे वरकरणी सुरक्षित दिसणारे हे फंक्शन फसवे ठरते. शिवाय ते देवनागरी अक्षर मधोमध तोडू शकते. ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमने १९९८ मध्ये आणलेले ‘स्ट्रलकॅट’ एकूण आकारच मागते. जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या सी लायब्ररीत ते यायला मात्र २०२३ उजाडले. दिलेल्या जागेत मजकूर लिहिणारे ‘एसएनप्रिंटएफ’ हे फंक्शन जागा अपुरी असली तरी संपूर्ण मजकुराला किती बाइट लागले असते ते कळवते, म्हणून आधी नुसता अंदाज घेऊन मग नेमकी जागा राखता येते.

‘स्ट्रकॅट’ जोडलेल्या मजकुराचा शेवट न सांगता पुन्हा आरंभाचाच पत्ता परत करते, आणि ही त्याच्या रचनेतील खरी उणीव आहे. त्यामुळे १० बाइटांचे १,००० तुकडे एकामागून एक जोडताना, अवघ्या १०,००० बाइटांच्या मजकुरासाठी, प्रत्येक वेळी शेवट शोधण्यातच सुमारे ५० लाख बाइट चाळले जातात. शेवटाचा पॉइंटर (पत्ता) स्वतः सांभाळून, सांगितले तेवढे बाइट नकलणाऱ्या ‘मेमकॉपी’ने तुकडे उतरवल्यास हा फेरा वाचतो. प्रोग्राममध्ये अवतरणांत शेजारी-शेजारी लिहिलेल्या स्थिर स्ट्रिंग मात्र सीच्या १९८९ च्या प्रमाणानुसार कंपायलरच (प्रोग्राम यंत्रभाषेत उतरवणारे साधन) जोडतो, त्यासाठी कोणतेही फंक्शन लागत नाही.