स्पॅनियल : निवड आणि निगा

स्पॅनियल हा शिकारी कुत्र्यांचा एक गट आहे. झुडपांत दडलेले पक्षी किंवा ससे हुंगून काढायचे, त्यांना उघड्यावर उठवायचे आणि टिपलेले सावज न चिरडता तोंडात धरून आणायचे, या कामासाठी तो घडवला गेला. बंदुकीच्या आधी ससाण्याच्या आणि जाळ्याच्या शिकारीतही हे कुत्रे असत. लांब लोंबते कान, रेशमी केस आणि कामात असताना क्षणभरही न थांबणारी शेपटी ही त्यांची ओळख. आज बहुतेक स्पॅनियल घरातच राहतात, तरी जुन्या कामाची घडण त्यांच्यात शाबूत आहे. माणसाच्या आसपास राहणे, वास लागताच बाकी सारे विसरणे, पाण्याचिखलात बेधडक शिरणे, सापडेल ती वस्तू तोंडात धरून मिरवणे हे सगळे तिथूनच येते. स्पॅनियल घेणाऱ्याने रंगरूपाच्या आधी या घडणीचा विचार करावा.

एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये एकाच वेतातली हलकी पिल्ले ‘कॉकर’ आणि भारी पिल्ले ‘स्प्रिंगर’ म्हणून निवडली जात. पुढे त्या स्वतंत्र जाती झाल्या. कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या ब्रिटिश केनल क्लबने इंग्लिश स्प्रिंगरला 1902 मध्ये मान्यता दिली. अमेरिकेत लहान चणीचा, गोल डोक्याचा आणि दाट केसांचा वेगळा कॉकर तयार झाला. 1946 मध्ये अमेरिकन केनल क्लबने इंग्लिश कॉकरला त्याच्यापासून निराळी जात मानले. इंग्लिश कॉकर साधारण 13 ते 15 किलोचा, तर स्प्रिंगर 20 ते 25 किलोचा आणि सुमारे 50 सेंमी. उंच असतो. वेल्श स्प्रिंगर नेहमी तांबडापांढरा. क्लंबर जाड हाडांचा आणि संथ; मोठा नर 30 किलोच्या पुढे जातो. आयरिश वॉटर स्पॅनियलचे केस कुरळे आणि शेपटी मात्र जवळजवळ बिनकेसांची असते. कॅव्हेलियर किंग चार्ल्स हा 5 ते 8 किलोचा, मुख्यतः सोबतीसाठी जोपासलेला. तिबेटी स्पॅनियलच्या नावात स्पॅनियल असले तरी तो या शिकारी गटातला नव्हे.

निवडीत जातीच्या नावाइतकीच, किंबहुना जास्तच, महत्त्वाची ठरते ती वंशरेषा, म्हणजे पिल्लाचे पूर्वज कशासाठी जोपासले गेले ते. कॉकर आणि स्प्रिंगर या दोन्हींत कामाची आणि प्रदर्शनाची अशा दोन रेषा इतक्या दुरावल्या आहेत की अनोळखी माणसाला त्या दोन वेगळ्या जातीच वाटतील. कामाच्या रेषेतला कुत्रा सडपातळ, चपट्या डोक्याचा, तुलनेने आखूड कानांचा आणि कमी केसांचा असतो. तो सहसा थकत नाही आणि रिकामा बसवला तर स्वतःच उद्योग शोधतो. प्रदर्शनाच्या रेषेतला थोडा शांत, पण केसांची निगा कितीतरी जास्त मागणारा. दिवसभर बंद राहणाऱ्या घरात केवळ देखणे म्हणून कामाच्या रेषेतले पिल्लू आणणे हा त्या जिवावर अन्याय आहे. दोन्ही रेषांना माणूस लागतोच. एकटेपणा स्पॅनियलला फार जाचतो.

या नाकाचा आणि उत्साहाचा उपयोग शिकारीपलीकडेही होतो. अमली पदार्थ आणि स्फोटके शोधण्यासाठी पोलीस व लष्कर स्प्रिंगर आणि कॉकर मोठ्या प्रमाणावर वापरतात. इराकमध्ये शस्त्रसाठा शोधून देणाऱ्या बस्टर या स्प्रिंगरला 2003 मध्ये डिकिन पदक मिळाले. प्राण्यांच्या शौर्यासाठी दिले जाणारे हे पदक 2012 मध्ये थिओ या स्प्रिंगरमिश्र कुत्र्याला मरणोत्तर देण्यात आले. तो अफगाणिस्तानात स्फोटके शोधत असे.

पिल्लू निदान आठ आठवड्यांचे होईपर्यंत आईजवळ असावे, आणि आई प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय ते घेऊ नये. भित्री किंवा अंगावर येणारी मादी असेल तर पिल्लू कितीही गोड असो, परत फिरावे. पैदासकाराकडे आईवडिलांच्या तपासण्यांचे कागद मागावेत. कॉकरमध्ये हळूहळू आंधळेपणा आणणारा दृष्टिपटलाचा आनुवंशिक विकार आणि तरुणपणीच मूत्रपिंड निकामी करणारा विकार, या दोन्हींसाठी डीएनए चाचणी आहे. स्प्रिंगरमध्ये मज्जासंस्था खराब करणाऱ्या फ्यूकोसिडोसिसची चाचणी करता येते. खुब्याचे सांधे आणि डोळेही तपासून घेतलेले असावेत.

कॅव्हेलियरबाबत अधिक सावध राहावे लागते. हृदयाच्या मिट्रल झडपेचा आजार या जातीत फार आढळतो आणि तो लवकर सुरू होतो. शिवाय कवटी मेंदूला अपुरी पडल्याने मज्जारज्जूत द्रवाच्या पोकळ्या होण्याचा वेदनादायी विकारही होतो. ओस्लोच्या जिल्हा न्यायालयाने 2022 मध्ये या जातीची पैदास नॉर्वेच्या प्राणिकल्याण कायद्याविरुद्ध ठरवली, ती याच कारणांमुळे. इतका मायाळू कुत्रा माणसाच्या आवडीपायी दुखणे घेऊन जन्मतो, म्हणून हृदयाची तपासणी न केलेल्या आईवडिलांचे पिल्लू स्वस्तात मिळाले तरी नाकारावे.

रोजच्या निगेत सर्वांत आधी कान. कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली जाते आणि मग आत वळते. स्पॅनियलमध्ये तिच्यावर जड केसाळ पाळी झाकण घालते. आत हवा खेळत नाही, ओल टिकते आणि यीस्ट व जीवाणू वाढतात. डोके झटकणे, मान एका बाजूला कलती ठेवणे, आंबूस वास, तपकिरी मळ ही लक्षणे दिसली की घरगुती उपाय न करता पशुवैद्याकडे जावे. आठवड्यातून एकदा पाळी उचलून, वास घेऊन कान पाहावा. पोहल्यावर तो कोरडा करावा, पाळीच्या आतल्या बाजूचे केस आखूड ठेवावेत. कापसाची काडी आत घालू नये, मळ आणखी खोल जातो. उपचारानंतरही कान पुन्हापुन्हा बिघडत असेल तर मूळ कारण अनेकदा त्वचेची ॲलर्जी असते. तिच्यावर इलाज न केल्यास नळी जाड होऊन बुजते आणि शेवटी ती शस्त्रक्रियेने काढावी लागते. जेवताना कान भिजू नयेत म्हणून वर निमुळते, अरुंद तोंडाचे भांडे वापरतात.

गवतात फिरून आल्यावर बोटांच्या फटी, काखा आणि कान चाचपून पाहावेत. गवताचे टोकदार कुसळ एकदा रुतले की पुढेच सरकत जाते. काखेत आणि कानामागे केसांच्या गाठी होतात, त्यामुळे एक दिवसाआड तरी विंचरावे. नसबंदीनंतर, विशेषतः मादीत, केस लोकरीसारखे दाट आणि भुरे होऊ शकतात.

स्पॅनियल खाण्यात हावरा असतो आणि चटकन सुटतो. फासळ्या हाताला लागल्या पाहिजेत. बक्षिसाचे तुकडेही दिवसाच्या मापातूनच वजा करावेत. चॉकलेट, द्राक्षे, मनुका, कांदा आणि झायलिटॉल हे गोडवा आणणारे द्रव्य त्याला विषारी आहे.

शिक्षण घरी आल्या दिवसापासून खेळात सुरू होते. शिकारीचे पद्धतशीर शिक्षण साधारण सहा महिन्यांनंतर. एक लांब शिट्टी म्हणजे जागीच बस, आखूड शिट्ट्या म्हणजे परत ये, अशी रूढ पद्धत आहे. शेतात न जाणाऱ्या कुत्र्यालाही ती शिकवावी, कारण वास लागलेल्या स्पॅनियलपर्यंत हाक पोचत नाही, शिट्टी पोचते. कामाचा कुत्रा बंदुकीच्या टप्प्यात डावी-उजवीकडे नागमोडी शोध घेतो आणि सावज उठले की पाठलाग न करता बसतो. हा संयमच शिकवायला सर्वांत अवघड. घरच्या कुत्र्यासाठी लपवलेला चेंडू नाकाने शोधण्याचा खेळ नुसत्या धावण्यापेक्षा जास्त समाधान देणारा आहे. त्याने तोंडात काही आणले तर, ते बूट का असेना, रागावून ओढून घेऊ नये. बदल्यात खाऊ द्यावा. हिसकावून घेतलेले पिल्लू पुढे वस्तू लपवायला, गिळायला किंवा तिच्यासाठी गुरगुरायला शिकते, आणि कॉकरमध्ये ही सवय मोडणे फार कष्टाचे असते.