परीक्षेतलं गणित आणि केसमधलं गणित

सोलापुरात अशोक चौकाच्या पुढे, पूर्व भागात राहणारा एक मुलगा सध्या दर रविवारी माझ्याकडे सरावाला येतो. आधी दोन वर्षं बँकेच्या परीक्षांची तयारी केली, मग एमबीए, आणि आता कन्सल्टिंग, म्हणजे धंद्यांना सल्ला देणाऱ्या कंपन्यांच्या केस इंटरव्ह्यूची तयारी चालू आहे. या मुलाखतीत एखाद्या धंद्याची अडचण, म्हणजे केस, देतात आणि ती समोरच बोलत सोडवायची असते. पहिल्याच दिवशी म्हणाला, "ताई, गणिताचं टेन्शन नाही, ते पक्कं आहे माझं." पक्कं होतंच. तरीही पहिल्या केसमध्ये तो अडला, आणि अडला तो गणितातच.

ही दोन गणितं दिसायला सख्खी भावंडं आहेत. टक्केवारी तीच, नफा-तोटा तोच, गुणोत्तरंही तीच. त्यामुळे एकाची तयारी झाली की दुसऱ्याची आपोआप झाली, असं सोलापुरातल्या बऱ्याच मुलांना वाटतं. फरक कुठे पडतो ते एका उदाहरणावरून बघू.

समजा, टेरी टॉवेलचा एक कारखाना वर्षाला 12 लाख नग विकतो. एका नगाचा भाव 150 रुपये. सूत, रंग, मजुरी, वीज मिळून नगामागे खर्च 115 रुपये, त्यात सूत 70 रुपयांचं. भाडं, पगार, व्याज असा ठरलेला खर्च वर्षाला 3 कोटी. सूत 10 टक्क्यांनी महागलं, तर नफा किती टक्क्यांनी घटेल?

परीक्षेत हे असं सुटतं. नगामागे सुटतात 35 रुपये, 12 लाख नगांचे 4 कोटी 20 लाख, ठरलेला खर्च वजा जाता नफा 1 कोटी 20 लाख. सूत नगामागे 7 रुपयांनी वाढलं, म्हणजे 84 लाख गेले. उरले 36 लाख. घट 70 टक्के. पर्याय क्रमांक तीनवर टिक करा आणि पुढच्या प्रश्नाला लागा. बँक अधिकारी पदाच्या आयबीपीएस पीओ पूर्व परीक्षेत गणिताच्या 35 प्रश्नांना 20 मिनिटं असतात, म्हणजे एका प्रश्नाला जेमतेम 34 सेकंद. तिथे गप्प बसून भराभर सोडवणं हेच शहाणपण.

केसमध्ये 70 टक्के हा आकडा आला की खरं काम सुरू होतं. समोरचा माणूस थांबलेला असतो. त्याला ऐकायचं असतं, की बरं, मग कारखानदाराने करायचं काय? सुताचे 10 टक्के नफ्यातले 70 टक्के खाऊन जातात, कारण मुळात सुटत होतं थोडं आणि ठरलेला खर्च जागचा हलत नाही. आता जुना नफा टिकवायच्या वाटा दोन. भाव वाढवायचा तर 150 वर 7 रुपये, म्हणजे पाच टक्क्यांच्याही आत. भाव तसाच ठेवून माल जास्त खपवायचा तर नगामागे आता 28 रुपयेच सुटणार. 4 कोटी 20 लाख भागिले 28, म्हणजे 15 लाख नग. विक्री 25 टक्क्यांनी वाढवावी लागेल. एकीकडे पावणेपाच टक्के भाववाढ आणि दुसरीकडे चांगली सव्वापट विक्री. हे दोन आकडे शेजारी ठेवून "मी आधी भाववाढ तपासेन" असं म्हणता आलं, तर केसमधलं गणित झालं. बेरीज-वजाबाकी तीच होती, फक्त ती निर्णयापर्यंत नेली.

आमचा मुलगा 70 वर थांबला आणि माझ्याकडे बघत राहिला. "आलं की उत्तर!" त्याचं चुकलं नव्हतं. दोन वर्षं त्याला तिथेच थांबायला शिकवलं होतं.

दुसरा फरक आवाजाचा. परीक्षेत कच्चं काम कोणी बघत नाही. केसमध्ये आकड्याला हात लावण्याआधी रीत सांगायची: आधी नगामागे किती सुटतं ते काढतो, मग वर्षाचं, मग ठरलेला खर्च वजा करतो. रीत चुकली तर समोरचा तिथेच रुळावर आणतो. मनातल्या मनात चुकलात तर त्याला फक्त चुकीचं उत्तर दिसतं. एक मिनिट मागून घेऊन कागदावर नीट मांडलं तर त्यात कमीपणा नाही. एमबीए प्रवेशाच्या कॅट परीक्षेत स्क्रीनवर कॅल्क्युलेटर तरी असतो, इथे बहुधा कागद आणि पेनच.

आणि शून्यं! दुसऱ्या रविवारी त्याने 12 लाख गुणिले 35 म्हणजे 42 कोटी असं ठासून सांगितलं. मी विचारलं, एकूण विक्री किती? 18 कोटी. विक्रीपेक्षा सुटलेले पैसे जास्त कसे? तो क्षणभर कागदाकडे बघत राहिला आणि मग स्वतःच शून्य खोडलं. परीक्षेत समोरचे पर्याय अशी चूक पकडून देतात, इथे पकडणारे आपणच. त्यात मुलाखत घेणारा मुंबईचा माणूस मिलियनमध्ये बोलतो. 10 लाख म्हणजे 1 मिलियन, 1 कोटी म्हणजे 10 मिलियन, 100 कोटी म्हणजे 1 बिलियन. हे पाढ्यासारखं तोंडात बसवा, आणि सगळं गणित एकाच मापात करा.

अंदाजाचंही तसंच. 2011 च्या जनगणनेत सोलापूर शहराची लोकसंख्या 9,51,558 होती. केसमध्ये हा आकडा धरून कोणी भागाकार करत नाही. "10 लाख धरतो, घरटी 5 माणसं, म्हणजे 2 लाख घरं" असं बोलून दाखवायचं. घरात वर्षाला 4 नवे टॉवेल धरले तर झाले 8 लाख. आपला कारखाना विकतो 12 लाख. म्हणजे सगळं शहर याच्याकडूनच टॉवेल घेऊ लागलं तरी त्याचं भागत नाही, गिऱ्हाईक बाहेरगावचंच असणार. अशा ढोबळ आकड्यातून धंद्याबद्दल एवढी मोठी गोष्ट कळते, म्हणून मला हे गणित फार आवडतं.

परीक्षेची तयारी वाया जात नाही. पाढे, 1/8 म्हणजे साडेबारा टक्के, 1/6 म्हणजे पावणेसतराच्या आसपास, हे सगळं इथे कामाला येतं. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांच्याकडून पावकी, दिडकी, अडीचकी जरूर शिकून घ्या. 48 चा पाव किंवा 16 ची अडीचपट ज्याला विचार न करता येते, त्याचं डोकं धंद्याचा विचार करायला मोकळं राहतं. मोडायची आहे ती गप्प बसून सोडवण्याची सवय. त्यासाठी ऐकणारा माणूस लागतो. भाऊ, आई, कोणीही चालेल, गणित येत नसलं तरी.

गेल्या रविवारी मी त्याच टॉवेलवर पुढचा प्रश्न टाकला: भाव 160 केला तर किती गिऱ्हाईक तुटलं तरी चालेल? त्याने आधी रीत सांगितली. सूत महागल्यावर नगामागचा खर्च 122, सुटणार 38. 4 कोटी 20 लाख भागिले 38, साधारण 11 लाख 5 हजार नग. "म्हणजे 95 हजार नग, आठ टक्क्यांच्या आसपास विक्री गेली तरी नफा तोच राहतो." आणि पेन खाली ठेवून त्यानेच मला विचारलं, "ताई, यांनी याआधी भाव वाढवला होता तेव्हा किती गिऱ्हाईक तुटलं होतं?"