भरदार सिगारचे परीक्षण
भरदार सिगारचे परीक्षण : ज्या सिगारचा धूर तोंडात जड, दाट आणि किंचित तेलकट लागतो आणि सोडून दिल्यावरही जिची चव जिभेवर रेंगाळते, तिला भरदार म्हणतात. सिगारचे मराठीतले जुने नाव चिरूट. मूळ शब्द तमिळ ‘सुरुट्टु’, म्हणजे गुंडाळी.

भरदारपणा आणि कडकपणा या वेगळ्या गोष्टी आहेत. मुंबईत दोन्हींना सर्रास ‘कडक’ म्हणतात आणि परीक्षण इथेच फसते. चहाची पत्ती जास्त उकळली की चहा कडक होतो, म्हशीच्या दुधाने दाट होतो, तसेच हे. कडकपणा निकोटिनचा, तो डोक्यात नि पोटात जाणवतो. भरदारपणा जिभेने जोखायचा. गरगरले म्हणून सिगार उत्तम, हा समज साफ चुकीचा आहे.

तंबाखूच्या झाडाच्या शेंड्याकडची पाने सर्वाधिक ऊन खातात. ‘लिगेरो’ नावाची ही जाड, तेलकट पाने सावकाश जळतात, म्हणून ती भरणाच्या, म्हणजे सिगारच्या आतल्या तंबाखूच्या, मध्यभागी वळतात. मधल्या ‘सेको’तून सुगंध येतो आणि खालच्या ‘व्होलाडो’मुळे सिगार नीट जळते. निकाराग्वातील एस्तेली भागाचे पान कडकपणासाठी नावाजलेले आहे.

सिगार आधी बोटांनी हलकेच दाबून पाहतात : एखादी जागा पोकळ किंवा टणक लागली, तर सिगार नीट वळलेली नाही. टोक कापल्यावर न पेटवताच एक झुरका घेतात. यात सुके गवत, मनुका, शेणखतासारखा उग्र वासही येतो. तो दोष नव्हे. पेटवल्यावर मिनिटाला साधारण एक झुरका पुरे. घाई केली की सिगार तापते आणि सगळे कडू होते. धूर छातीत घेत नाहीत. तोंडात घोळवून थोडा नाकावाटे सोडतात. काळी मिरी, भाजलेली कॉफी, कोको, ओली माती हे भेद बहुतांशी नाकालाच कळतात. सिगारच्या पहिल्या एकतृतीयांश भागात मिरीचा झणझणीतपणा असतो, मधल्यात गोडवा उतरतो. शेवटच्या भागातही तो टिकला, तर खरी कसोटी पार. राखेच्या पांढरेपणावर गुण देऊ नयेत, तो बराचसा जमिनीतल्या खनिजांवर ठरतो.

मुंबईच्या पावसाळ्यात हे सारे कोलमडते. सिगारला साधारण ६५ ते ७० टक्के आर्द्रता मानवते. जुलैत इथली हवा बहुधा ८० च्या वर असते. पान फुगते, झुरका ओढायला जड जातो, एक बाजू जळते नि दुसरी विझते, वेष्टनावर बुरशी धरते. उबेने तंबाखूतला भुंगा जागा होऊन पानाला टाचणीएवढी भोके पाडतो. अशा सिगारला नापास करण्याआधी ती कशी ठेवली होती हे विचारावे. हवाबंद डबा आणि आर्द्रता राखणारी पुडी इथे चैन नसून गरज आहे.

२ ऑक्टोबर २००८ पासून देशात सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास मनाई आहे. मोठ्या हॉटेलांना आणि उपाहारगृहांना नियमानुसार वेगळी खोली ठेवता येते. धूर छातीत न घेताही निकोटिन तोंडाच्या अस्तरातून शरीरात जाते, आणि सिगारमुळे तोंड, घसा व अन्ननलिकेचा कर्करोग होतो.