पाऊण तासात पाऊण ताण?

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका कार्यशाळेची जाहिरात मध्यंतरी आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरत होती. 'आर्ट जर्नलिंग शिका! ४५ मिनिटांत ७५ टक्के ताण गायब. संशोधनानं सिद्ध.' खाली वही, रंग आणि फी. चित्रवहीशी माझं भांडण नाही, उलट मी तिच्याच बाजूचा आहे. पण हे ७५ टक्के आले कुठून?

ते आले २०१६ सालच्या एका अभ्यासातून. फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांनी ३९ प्रौढांना ४५ मिनिटं मार्कर, माती आणि कोलाजचं सामान दिलं आणि हवं ते करा म्हणून सांगितलं. आधी आणि नंतर लाळ घेऊन तिच्यातलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणात वाढणारं संप्रेरक, मोजलं. साधारण ७५ टक्के लोकांचं कॉर्टिसोल उतरलं. लोकांचं! कुणाचा ताण ७५ टक्क्यांनी उतरला असं त्यात कुठंही नाही. बाकीच्यांचं होतं तेवढंच राहिलं किंवा वाढलं.

आणि गंमत म्हणजे, जाहिरातीतला आकडा शरीराला झेपणाराच नाही. तो का, हे समजून घेण्यात खरी मजा आहे.

ताण आला की मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस सीआरएच नावाचं संप्रेरक सोडतो. ते शेजारच्या पियुषिका ग्रंथीला जागं करतं. ती एसीटीएच हे दुसरं संप्रेरक रक्तात सोडते, ते मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींपर्यंत पोचतं आणि तिथं कोलेस्टेरॉलपासून कॉर्टिसोल बनायला लागतं. ते साठवून ठेवलेलं नसतं, मागणी आली की ताजं बनतं. म्हणून घाबरल्या घाबरल्या छाती धडधडते ती अ‍ॅड्रिनलिननं. कॉर्टिसोल मागाहून येतं, लाळेत तर त्याची भरती वीस-तीस मिनिटांनी दिसते.

मग थांबतं कसं? टाकीतलं पाणी चढलं की तेच पाणी बॉलकॉक उचलतं आणि नळ बंद होतो, तसं कॉर्टिसोलच मेंदूत परत जाऊन सीआरएच आणि एसीटीएच दोन्ही आवरतं. त्यासाठी पेशींत दोन प्रकारचे ग्राहक रेणू असतात. एक जात थोड्याशा कॉर्टिसोलनंच भरून जाते, रोजच्या चढउतारांवर तिचं लक्ष असतं. दुसरीची पकड साधारण दहापट सैल. ती भरते फक्त कॉर्टिसोल बरंच चढल्यावर, आणि 'आता पुरे' हा निरोप मुख्यतः तिच्यामार्फत जातो. हा निरोप काही अंशी जनुकांचं काम बदलून दिला जातो, त्यामुळे त्याला वेळ लागतो.

पण नळ बंद झाला तरी टाकीत आहे ते पाणी राहतंच. रक्तातलं कॉर्टिसोल निम्मं व्हायला साधारण ६० ते ९० मिनिटं लागतात. ७५ टक्के कमी व्हायचं म्हणजे दोनदा निम्मं व्हायला हवं. ग्रंथींनी काम साफ बंद केलं तरी कमीत कमी दोन तास. ४५ मिनिटांत फार तर ४० टक्के.

त्या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हेही सांगायला हवं. कॉर्टिसोल जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात सर्वांत वर जातं आणि मग मध्यरात्रीपर्यंत उतरत राहतं. सकाळी कुणी नुसत्या भुईमुगाच्या शेंगा सोलत बसलं तरी ते उतरलेलं दिसेल.

तरीही त्यातली एक गोष्ट मला मोलाची वाटते. चित्रकलेचा सराव असलेले आणि नसलेले यांच्यात लक्षात घेण्याजोगा फरक पडला नाही. चित्रकार अबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर यांच्या गावात 'मला चित्र येत नाही' म्हणणाऱ्याला उगीच अपराध्यासारखं वाटतं, त्यानं हे ध्यानात ठेवावं.

गुजरीत हिशेब लिहिणाऱ्या माझ्या एका मित्राची वही बघा. वही कसली, विमा एजंटानं दिलेली जुनी डायरी. मार्चअखेरच्या पानावर काळं बॉलपेन इतकं घासलंय की कागद फाटलाय, कोपऱ्यात 'जीएसटी' आणि त्याखाली बारीक अक्षरात 'भीती वाटते, राग नाही'. पुढच्या पानावर रंकाळ्यातला संध्यामठ, निळ्या स्केचपेननं, खांब वाकडे. माझ्या मते या वहीतलं औषध त्या तीन-चार शब्दांत जास्त आहे. २००७ मध्ये मॅथ्यू लिबरमन यांच्या गटानं लोकांना स्कॅनरमध्ये रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवले. चेहऱ्यावरच्या भावनेला शब्द निवडायला सांगितला की मेंदूतल्या अमिग्डालाची, म्हणजे धोक्याची चाहूल घेणाऱ्या भागाची, खळबळ कमी व्हायची. त्याच चेहऱ्याला एखादं माणसाचं नाव निवडून तेवढी व्हायची नाही. स्कॅनरमधून थेट डायरीवर उडी मारणं थोडं धाडसाचंच आहे, पण दिशा पटते.

जाहिरातीत 'मंडलातून (म्हणजे गोलाकार नक्षीतून) नकारात्मक ऊर्जा बाहेर पडते' असंही होतं. राशीनुसार रंगसुद्धा! २००५ मध्ये करी आणि कॅसर यांनी ८४ विद्यार्थ्यांना आधी थोडं अस्वस्थ केलं, मग काहींना मंडल, काहींना साध्या चौकड्या रंगवायला दिल्या, काहींना कोरा कागद. मंडल आणि चौकड्या यांनी चिंता सारखीच उतरली, कोऱ्या कागदानं नाही. पुढच्या प्रयोगांचे निकाल एकसारखे आले नाहीत, पण ऊर्जेची गरज त्यात कुठंच पडली नाही. कोऱ्या पानाची धास्ती वाटत असेल तर आधी पट्टीनं चौकड्या आखा आणि भरत सुटा. आठवडेच्या आठवडे झोप उडाली असेल तर मात्र रंगांवर भागवू नका, मनोविकारतज्ज्ञाला दाखवा किंवा सरकारच्या टेली-मानसला १४४१६ वर फोन लावा.

'मग वही सुरू करण्याआधी कॉर्टिसोल तपासून घेऊ का?' असं ग्रुपवर लगेच एकानं विचारलंच. नको. ती तपासणी डॉक्टर सांगतात कुशिंग (कॉर्टिसोल फार जास्त) किंवा अ‍ॅडिसन (फार कमी) यांसारख्या आजाराचा संशय असला तर, आणि रोजच्या ताणाबद्दल तिच्यातला एकटा आकडा काही सांगत नाही. शिवाय सुईच्या भीतीनं तो वाढू शकतो, ते वेगळंच.